सांगजो मात्र

पाण्यातलं फ्लोराइड मोजायची एक जुनी पद्धत आहे. स्पॅड्न्स नावाचं रंगद्रव्य आणि झिर्कोनियम यांचं लालभडक द्रावण तयार करतात. ते पाण्याच्या नमुन्यात घातलं की नमुना लाल होतो. पाण्यात फ्लोराइड असेल तर ते झिर्कोनियमला स्वतःकडे ओढून घेतं आणि लाल रंग उतरायला लागतो. फ्लोराइड जितकं जास्त, तितका रंग फिका. अचूक आकडा यंत्र देतं, पण चार दिवस हेच काम केलेल्या माणसाला यंत्राआधीच कळतं. ओळीनं लावलेल्या लाल नळ्यांमध्ये एखादी आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखी फिकुटलेली दिसते.

माझी ती नळी एच-१७ होती. एप्रिल २००२. मी नागपुरात पर्यावरण अभियांत्रिकीचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते आणि प्रबंधासाठी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या गावांमधलं पिण्याचं पाणी तपासत होते. एसटीनं पांढरकवड्यापर्यंत, तिथून काळीपिवळीनं आत, आणि मग पायी. फ्लोराइडसाठी नमुना काचेच्या बाटलीत घ्यायचा नसतो, म्हणून पाठीवरच्या पिशवीत रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या खडखडत असायच्या. हातपंप पाचेक मिनिटं हापसायचा, आधीचं साचलेलं पाणी जाऊ द्यायचं, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, भरायची, झाकणावर चिठ्ठी लावायची. एच म्हणजे हातपंप. डब्ल्यू म्हणजे विहीर. पुढे नुसता आकडा.

एच-१७ हा एका शाळेच्या भिंतीला लागून असलेला हातपंप. दुपारची वेळ होती. मी दांडा खालीवर करत होते आणि माझ्यानं ते नीट जमत नव्हतं, हे बघून समोरच्या घरातली म्हातारी उठून आली. काही न बोलता तिनं दांडा हातात घेतला. सत्तरीची बाई, पण पाणी धो धो यायला लागलं. बाटली भरून झाल्यावर तिनं मला ओसरीवर बसवलं, कोरा चहा दिला आणि विचारलं की हे पाणी नेऊन काय करणार. मी सांगितलं, तपासणार. कशासाठी? त्यात काही वाईट आहे का, ते बघायला.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या पोराइचे दात पाह्यले का तुनं?"

मी पाहिले होते. शाळेच्या भिंतीवर बसून माझ्याकडे बघत हसणाऱ्या पोरांच्या दातांवर तपकिरी आडव्या रेघा होत्या. काहींच्या दातांना खड्डे होते. पुस्तकातलं चित्र समोर बसलेलं बघून मला त्या वेळी आनंद झाला होता, हे आज लिहिताना जड जातं. माझी निवड बरोबर होती, या गावात फ्लोराइड सापडणार, प्रबंध उभा राहणार.

निघताना म्हातारी म्हणाली, "काय निंघालं त्या पान्यात थे सांगजो मात्र."

वऱ्हाडीत 'सांगजो' म्हणजे नुसतं 'सांग' नव्हे. आत्ता नाही, पण पुढे, जेव्हा कळेल तेव्हा, न विसरता सांग, एवढं सगळं त्या एका रूपात बसतं. मी म्हटलं, "हो आजी, सांगीन."

एच-१७ मध्ये फ्लोराइड मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघालं. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यायचं. प्रबंधाच्या तक्त्यात मी तो आकडा ठळक अक्षरात छापला. सरांना विचारलं, गावात कळवायचं ना? सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं की आपलं काम शोधण्याचं, सांगण्याचं काम प्रशासनाचं. आपण विद्यार्थी, आपल्या एका नमुन्यावर गावात घबराट व्हायला नको. लोक विचारतील की मग आम्ही प्यायचं काय, तेव्हा तू काय उत्तर देणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेणं सोयीचं होतं, कारण तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

प्रबंध बांधून झाला. एक प्रत ग्रंथालयात, एक विभागात, एक सरांकडे, एक माझ्याकडे. गावासाठी कुठलीच प्रत नव्हती, आणि असती तरी ती इंग्रजीत होती.

पुढची अनेक वर्षं मी पाण्याच्याच कामात काढली. या कामात असलेल्या कुणालाही बांगलादेशाची गोष्ट टाळता येत नाही. तिथे १९७० च्या दशकापासून लाखो नलिका-विहिरी खोदल्या गेल्या. हेतू उत्तम होता. तळ्या-डबक्यांचं पाणी पिऊन मुलं हगवणीनं मरत होती आणि जमिनीखालचं पाणी जंतूंपासून सुरक्षित होतं. ते जंतूंपासून सुरक्षित होतंही. पण हिमालयातून वाहत आलेल्या गाळात लोहाच्या कणांना चिकटून आर्सेनिक बसलेलं होतं. जमिनीखाली प्राणवायू संपला की सूक्ष्मजीवांच्या क्रियेनं ते लोह विरघळतं आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. वर्षानुवर्षं पाणी पिऊन झाल्यावर तळहातावर खरखरीत गाठी येतात, छातीवर पावसाच्या थेंबांसारखे डाग येतात, आणि कित्येकांना पुढे कर्करोग होतो.

पश्चिम बंगालमध्ये १९८३ सालापासून असे रुग्ण सापडत होते. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती १९८८ पासून गावोगाव फिरून पाणी तपासत होते. सीमेपलीकडे तेच खोरं, तोच गाळ. आणि १९९२ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेनं मध्य आणि ईशान्य बांगलादेशातल्या सुमारे दीडशे नलिका-विहिरींचं पाणी तपासलं. हे पाणी माशांना आणि माणसांना विषारी ठरू शकतं का, हा प्रश्न त्या अहवालाच्या शीर्षकातच होता. अनेक मूलद्रव्यं तपासली. आर्सेनिक तपासलं नाही.

हा अहवाल मी पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा माझं लक्ष त्यांनी काय लिहिलं यापेक्षा त्यांच्या तक्त्याकडे गेलं. तक्ता करणाऱ्याला माहीत असतं की एखादा रकाना नाही याचा अर्थ ते तपासलेलं नाही. पण तक्ता वाचणाऱ्याला, त्यातही तो दुरून, विश्वासानं वाचणाऱ्याला, नसलेला रकाना दिसतच नाही. त्याला एवढंच कळतं की मोठ्या देशाचे मोठे शास्त्रज्ञ आले, पाणी बघून गेले, आणि कुणी काही म्हणालं नाही. 'तपासलं नाही' आणि 'आढळलं नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मौनात तो पुसला जातो.

पुढे बांगलादेशातल्या एका गावकऱ्यानं, ज्याला आर्सेनिकची बाधा झाली होती, या संस्थेची जबाबदारी असलेल्या ब्रिटिश संशोधन परिषदेवर लंडनमध्ये दावा लावला. तुमच्या अहवालामुळे पाणी सुरक्षित आहे असा समज झाला आणि त्यामुळे उपाय लांबले, असं त्याचं म्हणणं होतं. खटला वरपर्यंत गेला. जुलै २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठानं, तो एकमतानं फेटाळला. तर्क थोडक्यात असा: बांगलादेशाच्या पाणीपुरवठ्यावर या शास्त्रज्ञांचं कुठलंही नियंत्रण नव्हतं, पाणी पिण्याजोगं आहे असं त्यांनी कुठं म्हटलेलं नव्हतं, आणि अहवालात जे नाही त्याबद्दल एका अख्ख्या देशाच्या लोकसंख्येप्रति त्यांचं कायदेशीर उत्तरदायित्व असू शकत नाही.

मी त्या निकालावर बराच विचार केला आहे. कायद्याच्या अंगानं तो बरोबर असेलही. दर वेळी न तपासलेल्या गोष्टीसाठी संशोधक कोर्टात उभा राहायला लागला तर उद्या कुणी विहिरीत बाटली बुडवणार नाही. आणि हेही सांगितलं पाहिजे की त्याच संस्थेनं पुढे बांगलादेशाच्या सरकारी खात्यासोबत १९९८-९९ मध्ये देशभरातल्या ३,५३४ विहिरींचं सर्वेक्षण केलं आणि आकडे सगळ्यांसाठी खुले केले. उथळ विहिरींपैकी २७ टक्के विहिरींत आर्सेनिक बांगलादेशाच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर १० आहे. पण मला त्या निकालातला एक शब्द सोडत नाही. सामीप्य. संशोधक आणि तो गावकरी यांच्यात पुरेसं सामीप्य नव्हतं, म्हणून जबाबदारी नाही. कायद्यानं मोजलं तर नसेल. पण मी ज्या ओसरीवर बसून चहा प्यायले, ती आणि मी, आमच्यात दोन हातांचं अंतर होतं. तिनं माझ्यासाठी पाणी हापसलं होतं. मला त्या निकालाच्या आडोशाला उभं राहता येत नाही.

बांगलादेशात पुढे जे झालं ते मला फार शिकवून गेलं. सुमारे पन्नास लाख विहिरी तपासल्या गेल्या आणि त्यांच्या तोट्या रंगवल्या गेल्या. सुरक्षित ती हिरवी, असुरक्षित ती लाल. अक्षर न येणाऱ्यालाही कळेल असा अहवाल थेट विहिरीवरच. आणि एक विलक्षण गोष्ट समोर आली. जमिनीखालचा गाळ इतका पालटता असतो की लाल विहिरीपासून हाकेच्या अंतरावर हिरवी विहीर असू शकते. ढाक्याजवळ अराईहजार इथं कोलंबिया विद्यापीठाच्या आणि बांगलादेशी संशोधकांच्या गटानं २००० पासून हजारो विहिरी तपासल्या. पण ते आकडे घेऊन परतले नाहीत, घराघरात सांगत गेले. असुरक्षित विहीर असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबांनी विहीर बदलली. कुठलंही यंत्र नाही, गाळणी नाही. कळलं, आणि घागर घेऊन पावलं दुसरीकडे वळली.

हे वाचलं त्या रात्री मी माझा प्रबंध कपाटातून काढला. मला आठवत होतं, पण खात्री करायची होती. तक्ता चार. एच-१७ च्या बरोबर खालची ओळ डब्ल्यू-१८. त्याच गावातली, देवळामागची उघडी विहीर. खोल बोअरच्या पाण्याचा खडकाशी सहवास फार वर्षांचा असतो, म्हणून त्यात फ्लोराइड अधिक उतरतं. उथळ विहिरीत पावसाचं ताजं पाणी असतं. डब्ल्यू-१८ चा आकडा एकच्या आत होता.

मग आम्ही प्यायचं काय, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, असं मी सरांसमोर मान्य केलं होतं. ते उत्तर मीच छापलेल्या तक्त्यात, एका ओळीच्या अंतरावर होतं. विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाका, किंवा पाणी उकळा, आणि मुलांना तेच द्या. एवढंच. मला ते दिसलं नाही, कारण मी तो तक्ता कधी त्या गावात बसून वाचला नव्हता. परीक्षकाच्या डोळ्यांनी वाचला होता. परीक्षकाला त्या गावात पाणी प्यायचं नसतं.

'घबराट होईल' हे वाक्य त्यानंतर मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं. बैठकांमध्ये, कार्यशाळांमध्ये, फोनवर. दर वेळी ते काळजीच्या सुरात येतं. मी आता त्याला एकच प्रश्न विचारते: घबराट झाली तर त्रास कुणाला होणार? बहुतेक वेळा उत्तर असतं, आपल्याला. फोन येतील, पत्रकार येतील, निवेदनं येतील.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात हेच घडलं. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराचं पाणी ह्युरॉन सरोवराऐवजी फ्लिंट नदीतून घ्यायला सुरुवात झाली. जुन्या शिशाच्या नळांच्या आतून संरक्षक थर टिकावा म्हणून पाण्यात जे फॉस्फेट मिसळावं लागतं, ते मिसळलंच नाही. नळ झडू लागले. ऑक्टोबरात जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्यानं हे पाणी घेणं थांबवलं, कारण यंत्राचे भाग गंजत होते. लोखंडाला त्रास होतोय हे मान्य झालं, माणसांना होतोय हे मान्य व्हायला अजून एक वर्ष जायचं होतं. राज्याच्या पर्यावरण विभागाकडे २०१५ मध्ये घराघरांतून ७१ नमुने आले होते. तेव्हाच्या नियमानं वरच्या दहा टक्क्यांच्या सीमेवरचा शिशाचा आकडा लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेला की कारवाई करावी लागायची, आणि तो गेला होता. मग दोन नमुने निकषात बसत नाहीत म्हणून वगळले गेले आणि आकडा ११ वर आला. त्या दोन वगळलेल्यांतला एक नमुना लीअ‍ॅन वॉल्टर्स या बाईंच्या घरचा होता, ज्यात शिसं १०४ होतं. त्यांच्या मुलांच्या अंगावर पुरळ येत होते, केस गळत होते, आणि त्या एकामागून एक दारं ठोठावत होत्या.

व्हर्जिनिया टेकचे अभियंते मार्क एडवर्ड्स आणि त्यांचे विद्यार्थी मग काय करतात, ते मला प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवावंसं वाटतं. त्यांनी ३०० नमुनासंच फ्लिंटला पाठवले. प्रत्येकात तीन बाटल्या. एक सकाळी नळ उघडल्याबरोबर भरायची, दुसरी पंचेचाळीस सेकंदांनी, तिसरी दोन मिनिटांनी. बाटल्या भरल्या रहिवाशांनीच. शेजाऱ्यांना समजावून सांगितलं रहिवाशांनी. अडीचशेहून अधिक संच भरून परत आले. आकडे प्रत्येक घराला कळवले आणि जाहीरही केले. सप्टेंबर २०१५ मध्ये डॉक्टर मोना हॅना-अटीशा यांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाची वाढ दाखवली आणि ऑक्टोबरात पाण्याचा स्रोत परत बदलला.

ही गोष्ट इथे थांबवली तर फार गोड होईल. २०१८ मध्ये फ्लिंटच्या काही रहिवाशांनी आणि कार्यकर्त्यांनी एडवर्ड्स यांच्याविरुद्ध वैज्ञानिक समाजाला उद्देशून पत्र लिहिलं, आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. कोण बरोबर होतं यात मला शिरायचं नाही. पण एकदा लोकांसोबत उभं राहिलं की नातं कायमचं पक्कं झालं, असं नसतं, एवढं त्यातून दिसतं. ते दर हंगामात नव्यानं शाकारावं लागतं, कौलांसारखं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग १९८६ मध्ये गेले. तिथल्या सुरुवातीच्या कामाबद्दल ते स्वतःच मोकळेपणानं सांगत आले आहेत. त्यांनी तिथे सिकलसेल आजारावर संशोधन केलं. शास्त्राच्या दृष्टीनं काम चोख होतं, पण लोकांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. तो प्रश्न संशोधकांचा होता, लोकांचा नव्हता. त्यानंतर त्यांनी लोकांना विचारायला सुरुवात केली. दवाखाना कसा हवा हेसुद्धा आदिवासींना विचारून ठरवलं आणि त्यांच्याच देवीचं, दंतेश्वरीचं नाव त्याला दिलं. मला या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग दवाखाना नाही. आपलं चोख झालेलं काम चुकीच्या प्रश्नावर होतं, हे चारचौघांत सांगणं, हा आहे. आमच्या क्षेत्रात असं कुणी सांगत नाही. आम्ही शोधनिबंधाच्या शेवटी 'या अभ्यासाच्या मर्यादा' असा परिच्छेद लिहितो आणि त्यात नमुन्यांची संख्या कमी होती एवढंच कबूल करतो.

वैद्यकातल्या संशोधकाला निदान अडवणारं कुणीतरी असतं. माणसांवर प्रयोग करायचा तर नीतिसमिती असते, संमतीपत्रक असतं. वैद्यकीय संशोधनाच्या नीतीबद्दलच्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०१३ च्या सुधारित रूपात स्पष्ट म्हटलं आहे की सहभागी झालेल्यांना अभ्यासाचे निष्कर्ष जाणून घेण्याचा पर्याय दिला पाहिजे. पण पाणी माणूस नाही. माझ्या प्रबंधाला कुठल्याही समितीपुढे जावं लागलं नाही, कारण मी फक्त एक लिटर पाणी घेतलं होतं. माती, पाणी, हवा, पूल, धरण, राख, भूकंपाचे धक्के, आम्ही अभियंते हे सगळं मोजतो आणि आमच्या कागदांवर माणूस कुठेच नसतो. तो त्या पाण्याच्या टोकाला तोंड लावून उभा असतो, एवढंच. संमतीपत्रकाची मागणी मी करत नाहीये. पण प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात रसायनांसाठी रकाना असतो, प्रवासासाठी असतो, परिषदेच्या नोंदणीसाठी असतो. परत जाण्यासाठी रकाना का नसतो? एका माणसाचं एसटीचं भाडं आणि दोन दिवस. पहिल्या खेपेसाठी हे पैसे मिळतात. तेवढेच दुसऱ्या खेपेसाठी मागितले की निवड समिती विचारते, यातून नवी माहिती काय मिळणार?

सांगणं सोपं नसतं हे मला ठाऊक आहे. बांगलादेशात अंगावर डाग असलेल्या मुलींची लग्नं मोडली, लोक त्यांना शिवेनासे झाले, कारण पाण्यात विष आहे हे सांगितलं गेलं पण हा रोग लागट नाही हे तितक्या जोरानं सांगितलं गेलं नाही. लाल रंग दिला, पण जवळ हिरवी विहीरच नाही अशीही गावं होती. लाल रंग काही वर्षांत उडाला आणि बायका पुन्हा तिथेच जाऊ लागल्या. आपल्याकडेही ग्रामपंचायतींना पाण्यासाठी लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. जलसुरक्षक नमुने घेऊन जातो. पण किती गावांत ते कार्ड पंचायतीच्या कपाटातून बाहेर येऊन पाणवठ्यावर पोहोचतं? सांगणं हे एक वेगळं कौशल्य आहे. मला ते कुणी शिकवलं नाही. मला प्रमाणित विचलन काढायला शिकवलं.

त्या गावात मी परत गेले ती २०१७ मध्ये. तोवर माझं सगळं काम नागपूरच्या आसपासच होतं, त्यामुळे अंतर हे कारण नव्हतं. मी प्रबंधाच्या तक्ता चारची मराठीत केलेली एक पानी प्रत घेतली होती. पंधरा वर्षांनी ती कुणाला द्यायची, हे माहीत नव्हतं.

शाळेची भिंत नवी झाली होती. हातपंपाचा दांडा काढून टाकलेला होता. समोरच्या घरात म्हातारी नव्हती. ती वारून सात वर्षं झाली होती. तिची सून होती, पन्नाशीची. मी ओळख सांगितली तर तिला आठवलं, बाटल्यावाली पोरगी आली होती ते. तिनं मला त्याच ओसरीवर बसवलं.

"त्या बोरिंगचं पानी खराब हाय, मालूम झालं आमाले," ती म्हणाली. "पंचायतीचा मानूस आला होता. चार-पाच वर्सं झाली. तवापासून बंद हाय थे."

आतून तिची मुलगी चहा घेऊन आली. पंधरा-सोळा वर्षांची. मी काहीतरी विचारलं, ती हसली, आणि हसताना तिनं डावा हात तोंडावर धरला. सवयीनं. वर्गातही ती असंच हसत असणार.

दातांवरचं कवच मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत घडत असतं. त्या काळात जादा फ्लोराइड गेलं तर रेघा कायमच्या उमटतात. त्यानंतर कितीही चांगलं पाणी दिलं तरी त्या जात नाहीत, आणि त्यानंतर कितीही वाईट पाणी प्यायलं तरी नव्या उमटत नाहीत. मी एच-१७ ची बाटली भरली तेव्हा ही मुलगी पाळण्यात असेल. तिच्या कायमच्या दातांचं कवच ज्या वर्षांत घडत होतं, ती सगळी वर्षं माझा तक्ता चार ग्रंथालयात उभा होता.

सुनेनं ते पान हातात घेतलं. तिला वाचता येत होतं. सावकाश वाचून झाल्यावर तिनं वर बघितलं.

"म्हंजे तुमाले तवाच मालूम होतं?"

मी म्हटलं, "हो."

आणखी काही बोलायची माझी तयारी होती. मी बसमध्ये वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही वाक्य त्या 'हो' नंतर ठेवण्याजोगं नव्हतं. सून पानाकडे बघत राहिली. तिनं बोट ठेवून डब्ल्यू-१८ ची ओळ पुन्हा वाचली. "ही देवळामागची इहीर?" मी मान हलवली. "थे पानी त आमी ढोराइले पाजत होतो," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिनं पान घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं.

मी उठले तेव्हा ती दारापर्यंत आली. म्हणाली, आता शेतात नवं बोर मारलं आहे, दिवसभर सगळे तिथलंच पाणी पितात, आणि थोरली सून गरोदर आहे. ते पाणी न्याल का? पिशवीत दोन बाटल्या होत्या. आम्ही शेतावर गेलो. तिनं मोटार चालू केली आणि पाच मिनिटं पाणी जाऊ दिलं, मी न सांगता. बाटलीच्या चिठ्ठीवर मी या वेळी आकडा घातला नाही, तिचं नाव आणि शेताचं नाव लिहिलं. खाली तिचा फोन नंबर.

नवव्या दिवशी मी फोन केला. फ्लोराइड मर्यादेत होतं, पण नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या बरंच वर होतं. हे पाणी पिकाला चालेल, पण पुढे तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधासाठी अजिबात वापरू नका, गरोदर सुनेला देऊ नका, आणि उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते वाढतं, हे मी सांगायला लागले.

"थांबा," ती म्हणाली, "मी लिवून घेतो." फोन तसाच चालू ठेवून तिनं मुलीला हाक मारली आणि पेन आणायला सांगितलं. "हं. आता सांगा, हळूहळू सांगा."